लसीच्या दिवशी डोळेही तपासा!

लहान मूल 'मला दिसत नाही' असे कधीच सांगत नाही. जन्मापासून एका डोळ्याने अंधुक दिसत असले तरी त्याला जग तसेच असते असे वाटते. त्याची तक्रार दुसऱ्यानेच करावी लागते. आमच्या वस्त्यांमध्ये ती आई करते. फोटोत किंवा दिव्याच्या उजेडात बाळाच्या बाहुलीत मांजराच्या डोळ्यासारखी पांढरी चमक तिला दिसते. ती घरात बोलते आणि उत्तर मिळते, 'दृष्ट लागली असेल, मीठमोहरी उतरून टाक!'

ही चमक कधी जन्मजात मोतीबिंदूची असते, तर कधी रेटिनोब्लास्टोमाची, म्हणजे डोळ्याच्या आतील पडद्याच्या कर्करोगाची. साधारण १५ ते २० हजार जन्मांमागे एका बालकाला हा कर्करोग होतो आणि तोही बहुधा वयाच्या ५ वर्षांच्या आत. अचानक आलेला तिरळेपणा हेही त्याचे लक्षण असू शकते. वेळेत सापडला तर औषधे, लेसर यांनी डोळासुद्धा वाचवता येतो. गाठ मोठी झाली तर जीव वाचवण्यासाठी डोळा काढावा लागतो. त्याहून उशीर झाला तर तो मेंदूपर्यंत पोहोचतो. श्रीमंत देशांत अशी १०० पैकी ९५ हून अधिक मुले जगतात. मग आमचीच मुले का मरावीत?

'ग्रहणात भाजी चिरली म्हणून असे झाले' असे म्हणून आईलाच आरोपी करणाऱ्यांना आम्ही स्पष्ट सांगतो, हा दोष ग्रहणाचा नाही. तो आरबी-१ नावाच्या जनुकातील बिघाडाचा आहे. काही कुटुंबांत तो वारशाने येतो. म्हणून एका मुलाला हा आजार झाला तर भावंडांचेही डोळे तपासलेच पाहिजेत.

पण दोष केवळ अंधश्रद्धेवर ढकलून शासनाला मोकळे होता येणार नाही. २०१३ साली महाराष्ट्रातील पालघर येथूनच राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला. त्यात अंगणवाडीतील बालकांची वर्षातून दोनदा तपासणी ठरलेली आहे. मात्र वाढत्या गाठीला सहा महिने हा फार मोठा काळ आहे. बाळ तर दीड, अडीच, साडेतीन आणि नऊ महिन्यांचे झाले की लसीसाठी केंद्रात येतेच. त्याच दिवशी अंधाऱ्या खोलीत डोळे तपासण्याच्या छोट्या यंत्राने दोन्ही बाहुल्यांत उजेड टाकून पाहावे. दोन्हीकडे सारखी लालसर चमक दिसली तर चिंता नाही. एकीकडे पांढरी किंवा फिकी दिसली, तर बाळाला त्वरित नेत्रतज्ज्ञाकडे पाठवावे. या कामाला मिनिटभर लागते. त्यासाठी प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात यंत्र आणि ते वापरणारा प्रशिक्षित माणूस हवा, ही आमची मागणी आहे.

सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे कर्तव्य आहे, असे संविधानाचा अनुच्छेद ४७ सांगतो. रोजंदारीवर जगणाऱ्या आईला मजुरी बुडवून जिल्ह्याला हेलपाटे घालावे लागत असतील, तर हे कर्तव्य कागदावरच राहिले म्हणायचे.

तोवर विहारात जमणाऱ्या महिला मंडळांनी एवढे करावे. पुढच्या बैठकीत हा विषय घ्यावा आणि प्रत्येक आईला सांगावे : बाहुलीत पांढरे दिसले, तर त्याच आठवड्यात नेत्रतज्ज्ञ गाठायचा. घरचे काही म्हणोत, तुझी नजर खरी मान.