अंगण बांधावे, पण केव्हा?

घर बांधून होते, रंग लागतो, वास्तुशांतही पार पडते. तरी फाटकापासून दारापर्यंतची वाट मातीचीच राहते. बहुतेक कुटुंबांत हे काम सर्वांत शेवटी येते, कारण तोपर्यंत हातचा पैसा संपलेला असतो. पुढे कधी दिवाळीचा बोनस मिळतो, कधी भविष्यनिर्वाह निधीची रक्कम हाती येते, कधी घरात मंगलकार्य निघते, आणि अंगण पक्के करून घेण्याचा विचार पुन्हा सुरू होतो. गवंडी कोणता, सिमेंट किती, खर्च किती, ह्याची चौकशी आपण कसोशीने करतो. मात्र हे काम वर्षातील कोणत्या दिवसांत करावे, हा प्रश्न फारच थोडे गृहस्थ विचारतात.

आमच्या घरी तो कोणी विचारला नाही. त्याची हकीगत प्रथम सांगतो. सेवानिवृत्तीनंतर वडिलांनी विदर्भातील एका गावी घर बांधले. बहिणीचे लग्न मे महिन्यात ठरले, आणि मांडव पडण्यापूर्वी अंगण तयार हवे असा सर्वांचा आग्रह पडला. ऐन उन्हाळ्यात, भर दुपारी काँक्रीट ओतले गेले. विहिरीने तळ गाठला होता. टँकरचे पाणी पिण्यास पुरेना, तेथे अंगणावर किती मारणार? तिसऱ्या दिवशी मांडवाचे खांब उभे राहिले. लग्न थाटात झाले. परंतु महिनाभरात अंगणभर भेगांचे जाळे पसरले, आणि पावसाळा लागल्यावर एका बाजूचा भाग दोन बोटे वर उचलला गेला. त्याच कडेला ठेच लागून आई पडली व तिचे मनगट मोडले. गवंड्याला आम्ही पुष्कळ बोल लावले. बऱ्याच दिवसांनी वडिलांनी कबूल केले की, दिवाळीनंतर काम करू असे त्या माणसाने सुचविले होते. ऐकले नव्हते ते आपणच.

सिमेंट वाळत नाही

सिमेंट वाळले म्हणजे पक्के झाले, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती खरी नाही. सिमेंट आणि पाणी ह्यांचा रासायनिक संयोग होतो, त्यातून उष्णता निघते, आणि तयार होणारा पदार्थ वाळू व खडी ह्यांना घट्ट बांधून ठेवतो. ही क्रिया काही तासांत दिसू लागली, तरी आठवडेच्या आठवडे चालू राहते. म्हणूनच काँक्रीटची ताकद २८ दिवसांनी मोजण्याचा प्रघात आहे. मध्येच पाणी उडून गेले, की क्रिया थांबते आणि काँक्रीट कायमचे अशक्त राहते.

ह्यावरून ऋतूचे महत्त्व ध्यानात येईल. कडक उन्हात व वाऱ्यात पृष्ठभागावरील पाणी इतक्या वेगाने उडते, की काँक्रीट ओले असतानाच त्याला बारीक भेगा पडतात. उलट कडाक्याच्या थंडीत क्रिया मंदावते, आणि कोवळ्या काँक्रीटमधील पाणी गोठले तर ते आतून फुटते. आपल्या देशातील बांधकामाच्या मानकांनी ४० अंश सेल्सिअसच्या वर व ५ अंशांच्या खाली काँक्रीट करताना खास दक्षता घेण्यास सांगितले आहे, ते ह्याच कारणाने. पावसाचे संकट निराळे. सरीने वरचे सिमेंट धुऊन जाते, मिश्रणात नको तितके पाणी शिरते आणि वरचा थर भुसभुशीत होतो. शिवाय पावसाळी हवेत सिमेंटची पोती दमट होऊन गोळे धरतात.

जमिनीचा स्वभाव

सिमेंटइतकेच जमिनीकडेही पाहावे लागते. विदर्भ, मराठवाडा, माळवा आणि गुजरातचा बराच भाग येथील काळी माती पावसात फुगते व उन्हाळ्यात आकसून भेगाळते. आमच्या अंगणाचा एक भाग वर उचलला, तो ह्या मातीनेच. अशा ठिकाणी वरची काळी माती काढून टाकावी आणि तेथे मुरुमाचे थर घालावेत. प्रत्येक थरावर पाणी शिंपडून तो धुम्मसाने चोपावा. नवा भराव घातला असेल, तर त्यावरून एक पावसाळा जाऊ द्यावा, असे जुने गवंडी सांगत आले आहेत. त्या पावसात जे खचायचे ते खचते. मग खळगे भरून, जमीन पुरती निथळल्यावर काम धरावे.

आपल्या प्रांताचा पावसाळा ओळखा

महाराष्ट्राचे पठार, माळवा व तेलंगण येथे नोव्हेंबर ते फेब्रुवारी, म्हणजे साधारणतः कार्तिक ते माघ, हा काळ सर्वांत अनुकूल होय. पाऊस संपलेला असतो, ऊन सौम्य असते, आणि विहिरींना पाणी असते. ही शेवटची गोष्ट क्षुल्लक समजू नये. मे महिन्यात अंगणावर मारलेले पाणी कोणाच्या तरी घागरीतलेच असते. मुंबई व कोकणात पाऊस साधारणतः ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात परततो. त्यानंतर महिनाभर थांबल्यास जमीन निथळते.

दिल्ली व पंजाबकडील वाचकांनी ऑक्टोबर, अथवा फेब्रुवारीचा उत्तरार्ध व मार्च निवडावा. डिसेंबर-जानेवारीत तेथील रात्री फार गार असतात; शिवाय अलीकडच्या वर्षांत दिल्लीच्या परिसरात हिवाळ्यात हवा अतिशय दूषित झाली की बांधकामांवर निर्बंध येतात, त्यांचीही चौकशी आधी करावी. सिमला, मसुरी अशा डोंगरी गावी एप्रिल-मे किंवा पावसानंतरचा ऑक्टोबर बरा. आसामात वळवाचा पाऊस मार्च-एप्रिलमध्येच सुरू होतो. तेव्हा तेथे काम फेब्रुवारीपर्यंत उरकलेले चांगले.

चेन्नई व तंजावरकडे मात्र हा हिशेब उलटतो. पिढ्यान्‌पिढ्या तिकडे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना हे सांगावयास नको; पण नोकरीनिमित्त नव्याने गेलेला मनुष्य दिवाळीनंतर काम काढतो आणि फसतो. तमिळनाडूत वर्षाचा जवळजवळ निम्मा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरात पडतो. तेथे जानेवारीच्या मध्यापासून मार्चपर्यंतचा काळ घ्यावा. केरळात दोन्ही पावसाळे असल्यामुळे जानेवारी-फेब्रुवारी हेच दिवस भरवशाचे.

काम चालू असताना

ऋतू साधला, तरी पुढील गोष्टी सांभाळाव्यात. केवळ पायवाट असेल तर १० सेंटिमीटर जाडी पुरे होते. मोटार उभी राहणार असेल तर १५ सेंटिमीटर धरावी. घरापासून बाहेर उतार द्यावा. पन्नास फुटांस एक फूट हे प्रमाण ठीक. सबंध अंगण एकसंध ओतू नये. सुमारे अडीच-तीन मीटरवर सांधे ठेवावेत, म्हणजे आकुंचन सांध्यांत सामावते व भेगा पडत नाहीत. तीन महिन्यांहून जुने सिमेंट तपासल्याशिवाय वापरू नये. मिश्रण पसरण्यास सोपे जावे म्हणून मजूर वरून पाणी ओततात, ते होऊ देऊ नये.

काँक्रीट घट्ट होताच त्यावर भिजवलेले गोणपाट अंथरावे किंवा मातीचे लहान वाफे करून पाणी साठवावे. साध्या पोर्टलँड सिमेंटला किमान ७ दिवस ओलावा लागतो. परंतु हल्ली बाजारात राख मिसळलेले, पोझोलाना नावाचे सिमेंट पुष्कळ मिळते. त्याला, तसेच कोरड्या उष्ण हवेत कोणत्याही सिमेंटला, किमान १० दिवस हवेत. त्या काळात वर चालू नये, आणि मोटार तर महिनाभर आणू नये. मंगलकार्याची तारीख ठरलेली असल्यास हे दिवस उलटे मोजून पाहावेत. ते बसत नसतील, तर खुशाल मातीवर सडा घालून कार्य करावे. आपल्या आजी-आजोबांची लग्ने तशीच झाली.

आणखी एक विनंती. सगळेच अंगण सिमेंटखाली घालू नका. झाडाभोवती व कुंपणाकडेला माती मोकळी ठेवल्यास पावसाचे पाणी जमिनीत मुरते. तमिळनाडूने २००३ साली प्रत्येक इमारतीस पाऊसपाणी साठविण्याची वा मुरविण्याची सोय सक्तीची केली, ती पाण्याचे दुर्भिक्ष सोसूनच.

आमचे अंगण तिसऱ्या वर्षी, मार्गशीर्षात, आम्ही उखडून पुन्हा केले. जुने फोडण्याचीच मजुरी इतकी झाली, की तेवढ्यात मुरूम आला असता. गवंडी तोच बोलावला. पहिल्या दिवशी त्याने वडिलांना एवढेच विचारले, “ह्या खेपेस घाई नाही ना?” दहा दिवस रोज सकाळी गोणपाट भिजविण्याचे काम आईने आपल्याकडे घेतले, ती ते डाव्या हाताने करीत असे. त्यावर चार पावसाळे गेले आहेत, आणि अंगण सपाट आहे.