वकील कोण? मीच!

सीन पहिला. पुण्यातलं शिवाजीनगर, कौटुंबिक न्यायालय, सकाळचे अकरा. खिडकीमागच्या क्लार्कनी मान वर न करता विचारलं, ‘वकील कोण?’

‘मीच,’ मी म्हटलं. तेव्हा कुठे त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. माझ्या शेजारी माझा नवरा उभा होता. अजून तरी नवराच. भांडण संपलं होतं, सव्वा वर्ष वेगळे राहत होतो आणि एका गोष्टीवर दोघांचं एकमत होतं, ते म्हणजे घटस्फोट.

‘वकिलाशिवाय कोर्टात? डोकं फिरलंय का तुझं?’ आई फोनवर ओरडली होती. पण कायदा माझ्या बाजूनं होता. कौटुंबिक न्यायालय कायदा, १९८४. त्याचं कलम १३ सांगतं, की इथे वकील लावणं हा पक्षकाराचा हक्क नाही, त्यासाठी कोर्टाची परवानगी लागते. थोडक्यात काय, ही कोर्टं तुमच्या-माझ्यासारख्यांनी स्वतः उभं राहावं म्हणूनच आहेत. प्रत्यक्षात कॉरिडॉर काळ्या कोटांनी भरलेला असतो, ते सोडा.

फाईलमध्ये काय?

हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३ब खाली दोघांचा मिळून एकच अर्ज. त्यात तीन गोष्टी हव्यात: वर्षभर किंवा जास्त वेगळे राहतोय, एकत्र राहणं शक्य नाही आणि दोघांनी संमतीनं ठरवलंय. कोण चुकलं, हे लिहायची गरजच नाही! सोबत लग्नाचा दाखला, फोटो, पत्त्याचे पुरावे, प्रतिज्ञापत्र. आमची फाईल पहिल्यांदा परत आली. मी पानांवर नंबरच घातले नव्हते. मासकॉमची डिग्री तिथे कामाला येत नाही.

आणि मग पाटल्या

खरी गंमत पुढे झाली. अर्जाचा मसुदा मी एका ओळखीच्याच्या जुन्या फाईलवरून उतरवला होता. त्यात एक वाक्य होतं: ‘पत्नीस तिचे सर्व स्त्रीधन मिळाले असून तिची कोणतीही मागणी उरलेली नाही.’ छान, भारदस्त वाटलं, ठेवून दिलं.

कोर्टाच्या समुपदेशक बाईंनी तेच वाक्य मोठ्यानं वाचलं. ‘सगळं मिळालं?’

‘हो,’ मी म्हणाले. मग आठवलं. ‘नाही. आजीच्या पाटल्या.’

तो गोरामोरा झाला. ‘अगं, आईच्या लॉकरमध्ये आहेत. खरंच विसरलो.’

विसरलाच होता, माझा विश्वास आहे. पण त्या वाक्याखाली माझी सही होती. उद्या तो नाही म्हणाला असता, तर माझ्याच अर्जानं मला खोटं पाडलं असतं.

त्या दुपारी मी विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस गाठलं. १९८७च्या कायद्यानुसार बाईला तिथे मोफत वकील मिळतो, तिचा पगार कितीही असो. तिथल्या वकील मॅडमनी वाक्य बदललं: कोणते दागिने, किती, कोणत्या तारखेपर्यंत. पोटगीबद्दलही विचारलं. मला नको होती, पण ‘नको’ कसं लिहायचं, तेही त्यांनीच शिकवलं.

पुढे सहा महिने थांबायचं. २०१७मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं, की योग्य प्रकरणात कोर्ट ही मुदत माफ करू शकतं. आम्ही थांबलो. दुसऱ्या तारखेला दोघांनी पुन्हा ‘हो’ म्हटलं आणि संपलं.

तुम्ही करावं का? दोघांचं खरंच एकमत असेल, तर जरूर. मुलांचा ताबा, घर, मारहाण यातलं काही असेल, तर मात्र वकील हवाच. आणि काहीही झालं तरी सही करण्याआधी जाणकाराकडून एकदा वाचून घ्या.

पाटल्या आता माझ्या कपाटात आहेत. आईला दाखवल्या, तेव्हा ती एवढंच म्हणाली, ‘वकीलबाई, जेवून घ्या.’