काठी, सावली आणि घड्याळ

विषुवदिनी, म्हणजे २० किंवा २१ मार्चला, पुण्यात एखाद्या सपाट मोकळ्या जागी एक मीटर उंचीची काठी ओळंबा लावून अगदी उभी रोवा. दुपारची तिची सर्वांत आखूड सावली साधारण साडेतेहतीस सेंटिमीटर भरेल. या एका मापात तुमचा अक्षांश आहे. त्या दिवशी विषुववृत्तावर भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो. त्याचे किरण समांतर येतात, जमीन मात्र गोलाईने वळलेली असते. म्हणून विषुववृत्तापासून जितके अंश उत्तरेला जाल, तितक्याच अंशांनी तुमची काठी किरणांशी तिरपी होते. सावली भागिले काठी या गुणोत्तरातून तो कोन निघतो : १८.५ अंश. मोजताना जपावे लागते. सूर्य बिंदू नसून अर्ध्या अंशाची तबकडी असल्यामुळे सावलीची कड पुसट येते, आणि एक सेंटिमीटर चुकला की उत्तर पन्नासहून अधिक किलोमीटर सरकते.

रात्री हेच काम ध्रुवतारा करतो. तो क्षितिजापासून जितका वर, जवळपास तितकाच अक्षांश. पण इथे वातावरण मध्ये येते. हवेच्या थरांतून येताना प्रकाश वाकतो आणि तारा आहे त्याहून किंचित वर दिसतो. पुण्याहून दिसणाऱ्या ध्रुवाच्या बाबतीत ही फसगत सुमारे ५ किलोमीटरांची. क्षितिजालगत तर प्रकाश अर्ध्या अंशाहून जास्त वाकतो, त्यामुळे टेकलेला सूर्य आपण पाहत असतो तेव्हा तो प्रत्यक्षात क्षितिजाखाली गेलेला असतो!

पृथ्वी नेमकी गोलही नाही. ध्रुवांकडे ती चपटी आहे, म्हणून अक्षांशाचा एक अंश विषुववृत्ताजवळ ११०.६ किलोमीटर, तर ध्रुवाजवळ १११.७ किलोमीटर भरतो. हा फरक मोजायला १७३५-३६ साली फ्रेंच मोहिमा पेरू आणि लॅपलँडला गेल्या होत्या.

रेखांश अवघड, कारण पृथ्वी फिरते आणि पूर्व-पश्चिम दिशेत आकाशाला स्थिर खूण नाही. तिथे घड्याळच हवे. पृथ्वी एक अंश फिरायला ४ मिनिटे घेते. आपले घड्याळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाचे. पुणे त्याच्या पश्चिमेला, म्हणून इथे मध्यान्ह उशिरा होते. तो क्षण नुसत्या नजरेने पकडता येत नाही, कारण दुपारी सावली बराच वेळ जवळजवळ तेवढीच राहते. उपाय जुना आणि फार सुंदर आहे. काठीभोवती वर्तुळ काढा, सकाळी सावलीचे टोक त्याला शिवेल ती वेळ टिपा, दुपारनंतर पुन्हा शिवेल ती टिपा. दोन्हींच्या बरोबर मधली वेळ म्हणजे मध्यान्ह. काठीला शंकू म्हणून दिशा ठरवण्याची हीच रीत सूर्यसिद्धांतात आहे.

मार्चच्या त्या दिवशी पुण्यात १२ वाजून ४२ मिनिटे येतील. पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार आणि आस कललेला, म्हणून सूर्य त्या सुमारास घड्याळाच्या ७ मिनिटे मागे असतो. ती वजा करा. उरली ३५. चारने भागल्यावर पावणेनऊ अंश, म्हणजे रेखांश ७३.७५. खरा आकडा ७३.८५ च्या आसपास, चूक साधारण दहा किलोमीटर.

मार्च हुकला तर २५ डिसेंबर गाठा. तेव्हा सूर्य आणि घड्याळ जुळलेले असतात, वेळेत काही वजा करावे लागत नाही. सावली मात्र नव्वद सेंटिमीटरांजवळ जाईल, आणि निघालेल्या कोनातून २३.४ अंश वजा केल्यावर अक्षांश मिळेल.