इनामगाव: नऊशे वर्षांची वस्ती आणि तिचे ओस पडणे

पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यात, भीमेला मिळणाऱ्या घोड नदीच्या काठी इनामगाव येथे जी पांढरीची टेकाडे आहेत, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्यांची राख, शेण आणि पडक्या भिंतींची माती साचून झालेली करडी जमीन आहे, तिच्याखाली इ. स. पूर्व सुमारे 1600 ते 700 या काळातील एक शेतकरी वस्ती गाडली गेलेली होती. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने हसमुख सांकलिया, मधुकर ढवळीकर आणि झेड. डी. अन्सारी यांच्या नेतृत्वाखाली 1968 ते 1983 या काळात येथे उत्खनन केले आणि शंभराहून अधिक घरे उजेडात आणली. ही वस्ती ताम्रपाषाणयुगातील, म्हणजे दगडी पात्यांबरोबर थोडेफार तांबेही वापरात असलेल्या काळातील होती.

तिची भरभराट झाली ती इ. स. पूर्व 1400 ते 1000 या पूर्व जोर्वे काळात. प्रवरेकाठच्या जोर्वे गावी प्रथम सापडलेल्या, काळ्या नक्षीच्या लाल खापरांवरून या संस्कृतीला ते नाव मिळाले. त्या वेळची घरे चौकोनी व ऐसपैस होती, मुख्य पीक जवाचे होते, जोडीला गहू, मसूर, कुळीथ अशी धान्येही घेतली जात आणि पुराचे पाणी शेताकडे वळवण्यासाठी पाट खोदून बांध घातलेला होता. असे काम एकट्या कुटुंबाच्या आवाक्यातले नसते. वस्तीच्या मध्यभागी पाच खोल्यांचे एक घर होते, त्याला लागून धान्याचे कोठार होते आणि त्याच्या अंगणात चार पायांच्या मातीच्या रांजणात मांडी घालून बसवलेल्या पुरुषाचे दफन आढळले. हा गावचा प्रमुख असावा, हे उत्खननकारांचे अनुमान सहज पटण्याजोगे आहे. इतर प्रौढांना घरातच जमिनीखाली पुरताना त्यांची पावले घोट्यापासून तोडलेली असत. मृताने परतून येऊ नये हा त्यामागचा हेतू असावा, असे म्हटले जाते, पण तो तर्कच आहे.

इ. स. पूर्व 1000 च्या सुमारास तापी, गोदावरी आणि प्रवरा खोऱ्यांतील बहुतेक वसाहती ओस पडल्या. इनामगाव मात्र आणखी तीनशे वर्षे टिकले. त्यामुळे हे गाव का उठले, यापेक्षा ते इतके कसे तगले, हा प्रश्न अधिक विचारात घेण्याजोगा वाटतो. तगण्याची किंमत उत्खननात स्पष्ट दिसते: चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या, खापरे ओबडधोबड झाली, गहू मागे पडला आणि हरणांच्या शिकारीवरचा भर वाढला.

ढवळीकरांनी या अवनतीचे कारण घटत्या पर्जन्यमानात शोधले आणि लोक अखेरीस मेंढपाळीकडे, भटकंतीकडे वळले असे मांडले. पर्जन्यछायेच्या या प्रदेशात ते अशक्य नाही. पण लहान मुलांच्या हाडांचा अभ्यास करणाऱ्या ग्वेन रॉबिन्स शुग यांनी उत्तरकाळातील खुंटलेली वाढ दाखवतानाच केवळ हवामानबदलाला दोष देण्यास हरकत घेतली. दोन्ही बाजूंचा वाद कारणांपुरता आहे. वस्ती उठण्याच्या कितीतरी आधीपासून तिथे अन्न अपुरे पडू लागले होते, हे दोघांच्याही पुराव्यातून निघते.