पाचच मिनिटं

टोइंगचा ट्रक कुंटे चौकाच्या अलीकडे असतानाच तो आल्याची बातमी लक्ष्मी रोडवर पुढे पोचलेली असते. आधी भोंग्यावरून गाड्यांचे नंबर ऐकू येतात. मग कुठल्याशा दुकानाच्या पायरीवरून आरोळी उठते, "गाडी आली, गाडी!" आणि दोन्ही बाजूंच्या दुकानांतून माणसं हातात किल्ली नाचवत बाहेर पडतात. साडीच्या दुकानात गादीवर बसलेल्यांची पंचाईत जास्त, कारण चपला दाराशी काढलेल्या असतात. त्या दुपारी एक गृहस्थ तसेच अनवाणी धावले, तापलेल्या डांबरावर नाचत स्कूटरपर्यंत पोचले आणि ती गल्लीत घालून परत येताना हवालदाराला म्हणाले, "मामा, पाचच मिनिटं लावली होती हो."

तारीख विषम होती. म्हणजे गाड्या पी-१ च्या पाटीच्या बाजूला लावायच्या आणि समोरची बाजू मोकळी ठेवायची. सम तारखेला उलट. पुणेकरांना हे गणित तोंडपाठ आहे, अगदी एकतीस तारखेनंतर एक तारीख आली की बाजू बदलत नाही इथपर्यंत. तरीही समोरच्या बाजूला दुचाक्यांची रांग होती, तिच्या पुढ्यात आणखी एक अर्धी रांग आणि त्या अर्ध्या रांगेला टेकून एक पांढरी मोटार, आत कुणी नाही, चारही इंडिकेटर चालू.

टॉमटॉम या डच कंपनीच्या २०२४ च्या वाहतूक निर्देशांकात पुणे जगातल्या सर्वांत संथ शहरांमध्ये चौथं आलं. दहा किलोमीटर जायला सरासरी ३३ मिनिटं २२ सेकंद. यावर उपाय म्हणून पूल, मेट्रो आणि भुयारी मार्ग यांविषयी शहरात हिरिरीने बोललं जातं. लक्ष्मी रोडवर यातलं काही न बांधता रस्ता रुंद होताना दिसतो, तो या ट्रकच्या मागे. ट्रक पुढे सरकतो आणि त्याच्या पाठीमागे एक अख्खी मार्गिका उघडी पडते. अलका टॉकीजकडे निघालेली पीएमपीची बस उंबऱ्या गणपतीपासून विजय टॉकीजपर्यंत हॉर्न न वाजवता जाते. हे दृश्य फार वेळ टिकत नाही. "आपण पुढे गेलो की पाच मिनिटांत परत भरतं," ट्रकसोबतचे हवालदार म्हणाले. त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. पावसाळ्यात पाऊस पडतो, असं सांगावं तसं ते बोलले.

कामाची पद्धत साधी आहे. नंबर पुकारायचा, फोटो काढायचा, गाडी उचलायची, ट्रकवर चढवायची आणि भरला की वाहतूक विभागाच्या आवारात नेऊन उतरवायची. हवालदाराच्या हाती ई-चलनाचं यंत्र असतं. बाकी सगळं ठेकेदाराची पोरं करतात.

त्यांतला पट्टेवाला पोरगा विशीतला असेल. बोटं फाटलेले हातमोजे, चमकत्या पट्ट्यांचं जॅकेट, त्याच्या बाह्या कोपरापर्यंत सरकवलेल्या. तो रांगेत शिरतो तो आडवा होऊन, कारण दोन हँडलांमध्ये माणूस मावेल एवढी जागा कुणी ठेवलेली नसते. हँडल लॉक असतंच आणि तेही डावीकडे मुरडलेलं, त्यामुळे गाडी सरळ ओढता येत नाही. आधी तिचं मागचं चाक उचलून फिरवायचं, शेजारच्या गाडीच्या आरशाला न लागता बाहेर काढायचं, मग सीटखालून पट्टा घालून हूक लावायचा. क्रेन खेचते तेव्हा तो हाताने गाडीचा झोल सांभाळतो. गाडी तिरकी झाली की टाकीच्या झाकणातून पेट्रोल झिरपतं. ट्रकच्या फळ्या त्या पेट्रोलने काळ्या पडल्या आहेत. आजूबाजूला चिवड्याचा, अत्तराचा, गजऱ्याचा वास असतो; ट्रकच्या दहा पावलांच्या परिघात मात्र फक्त पेट्रोल.

पट्टा घालण्याआधी तो आणखी एक गोष्ट करतो आणि ती कुठल्याही नियमात लिहिलेली नाही. हाताची पालथी बाजू तो सायलेन्सरजवळ नेतो. सायलेन्सर तापलेला असेल तर मालक जवळपास आहे, तो धावत येणार, वाद होणार, तोवर जपून काम करायचं. थंडगार असेल तर गाडी कित्येक तासांपासून उभी आहे. "सगळे पाच मिनिटं म्हणतात," तो म्हणाला. "सायलेन्सर खरं सांगतो." त्याच्या उजव्या हातावर, मनगटाच्या वर, भाजल्याचे तीन-चार डाग आहेत. ज्यांची पाच मिनिटं खरोखरच पाच मिनिटं होती, त्या गाड्यांचे.

एका स्कूटरच्या पायाशी नव्या कपड्यांची पिशवी होती. त्याने ती उचलली, हवालदारांना दाखवली आणि ड्रायव्हरच्या केबिनमध्ये जपून ठेवली. आवारात पिशवी मिळाली नाही तर चोरीचा आळ पहिला त्याच्यावर येतो, हे त्याने न विचारताच सांगितलं. ओरखडा आला तरी तोच, आरसा फुटला तरी तोच. नाना पेठेत ऑगस्ट २०२१ मध्ये दुचाकी तिच्यावर बसलेल्या माणसासकट क्रेनने उचलली गेली आणि त्याचा व्हिडिओ देशभर फिरला. त्यावरून या पोरांना अजून टोमणे मिळतात. "मला पण उचलतोस का?" हा विनोद त्या दुपारीही एकाने केला आणि आपणच पहिल्यांदा केल्यासारखा हसला.

रस्त्याच्या कडेला उभी असलेली गाडी नेमकं काय बिघडवते, हे समजायला अर्धा तास एका जागी उभं राहिलं तरी पुरतं. मोटारीला साधारण अडीच मीटर रुंद आणि पाच मीटर लांब जागा लागते. वाहत्या रस्त्याची एक मार्गिका साडेतीन मीटरची. पण उभी गाडी तेवढीच जागा खाते असं नाही. ती लागताना मागेपुढे होते, निघताना तिरकी घुसते, दार उघडलं की शेजारून जाणारा दुचाकीस्वार मधोमध सरकतो आणि त्याच्यामागची बस ब्रेक दाबते. सर्वांत वाईट ती गाडी, जी अजून लागलेलीच नाही. पुढचा माणूस निघेल या आशेने ती इंडिकेटर देऊन थांबते आणि तिच्या मागे अख्खी पेठ थांबते.

या रेंगाळणाऱ्या गाड्यांचा हिशेब डोनाल्ड शूप या अमेरिकी प्राध्यापकाने मांडला होता. लॉस एंजेलिसमधल्या वेस्टवुड व्हिलेज या पंधरा ब्लॉकच्या बाजारपेठेत रस्त्याकडेची जागा शोधत गाड्या वर्षभरात साडेनऊ लाख मैल, म्हणजे पंधरा लाख किलोमीटर फिरतात, असं त्याचं गणित निघालं. फुकट पार्किंगची समाज किती किंमत मोजतो यावर त्याने २००५ मध्ये जाडजूड ग्रंथ लिहिला. २०२५ मध्ये तो वारला. जागा स्वस्त किंवा फुकट ठेवली की माणूस ती शोधत फिरणार आणि मिळाली की सोडणार नाही, एवढं त्याचं सांगणं. हे पटवून घ्यायला पुणेकराला ग्रंथ लागू नये. २०१८ मध्येच शहरातल्या नोंदणीकृत वाहनांचा आकडा ३६ लाखांच्या पुढे गेला आणि माणसांच्या अंदाजित संख्येला त्याने मागे टाकलं. ही वाहनं रात्रंदिवस कुठे ना कुठे उभी असतात आणि बहुतेक जण उभं राहण्याचे पैसे देत नाहीत.

दुकानदारांचं म्हणणं वेगळं आहे आणि ते ऐकून घेण्यासारखं आहे. साड्यांच्या एका जुन्या दुकानाचे मालक गल्ल्यामागून बोलत होते. गिऱ्हाईक दारात गाडी लावू शकलं नाही तर ते उपनगरातल्या मॉलमध्ये जातं, तिथे तळघरात जागा असते. लग्नसराईत चार बायका, दोन म्हाताऱ्या आणि आठ पिशव्या घेऊन कुणी मंडईपासून चालत येणार नाही. पार्किंग काढा, पण आधी जागा द्या, हा त्यांचा मुद्दा. मग त्यांना विचारलं, समोर ओळीने लावलेल्या दुचाक्या गिऱ्हाइकांच्या का? ते थोडे थांबले. त्यातल्या बऱ्याच आसपासच्या दुकानांत कामाला असणाऱ्या पोरांच्या होत्या. सकाळी लागतात त्या रात्रीच निघतात. सायलेन्सर थंडगार.

मालकांची भीती खोटी म्हणता येणार नाही, पण ती तपासून बघायची संधी या रस्त्याला दरवर्षी मिळते. २०२१ पासून महापालिका ११ डिसेंबरला पादचारी दिन साजरा करते. त्या दिवशी लक्ष्मी रोडचा नगरकर तालीम चौक ते गरुड गणपती चौक हा पट्टा वाहनांना बंद असतो. लोक रस्त्याच्या मधून चालतात, पोरं खेळतात, बाजार चालू राहतो. विसर्जन मिरवणुकीच्या वेळी तर संपूर्ण रस्त्यावर एक सायकलही उभी दिसत नाही. म्हणजे रस्ता रिकामा करणं या शहराला जमतं. रोज जमत नाही, कारण रोज ते काम आठ-दहा पोरांच्या हातावर सोपवलेलं आहे.

धोरण नाही असंही नाही. मार्च २०१८ मध्ये महापालिकेच्या सर्वसाधारण सभेने पार्किंग धोरण मंजूर केलं. विरोध इतका झाला की आधी पाचच रस्त्यांवर शुल्क लावून बघू, असं ठरलं. पुढची कित्येक वर्षं तेही रखडलं. पाच मिनिटांची सवलत मागणाऱ्या शहराने पाच रस्त्यांचीही हिंमत केली नाही. मुंबईने जुलै २०१९ मध्ये दुसरं टोक गाठलं. २६ सार्वजनिक वाहनतळांच्या पाचशे मीटर परिसरात बेकायदा गाडी लावली तर पाच हजारांपासून तेवीस हजारांपर्यंत दंड. आकडा असा की वाद पार्किंगवर होण्याऐवजी दंडावरच झाला.

जपानने हा प्रश्न रस्त्यावर येऊ देण्याआधीच गाठला. १९६२ च्या कायद्यानुसार तिथे मोटार घेण्यापूर्वी ती ठेवायला घरापासून दोन किलोमीटरच्या आत जागा असल्याचा दाखला पोलिसांकडून आणावा लागतो. महाराष्ट्राचे परिवहन मंत्री प्रताप सरनाईक यांनी मे २०२५ मध्ये तशीच घोषणा केली, पार्किंगची जागा दाखवल्याशिवाय नव्या वाहनाची नोंदणी नाही. वाड्यांत आणि चाळींत राहणाऱ्यांनी हा दाखला कुठून आणायचा, हा प्रश्न लगेच आलाच, आणि तो रास्त आहे.

पट्टेवाल्या पोराकडे स्वतःची दुचाकी आहे, हप्त्यावर घेतलेली. ती कुठे लावतो विचारल्यावर त्याने हसून हात हलवला. "गल्लीत. रस्त्यावरच की." मग जरा गंभीर होऊन म्हणाला, उचलून काही होत नाही. जंगली महाराज रस्त्यावर जिथे पदपथ रुंद केला आणि गाड्यांना खाचे आखून दिले, तिथे बाहेर गाडी लावायची कुणाची छाती होत नाही, दगडच आडवा येतो. "तिथे आम्हाला काम कमी." रोजगार बुडण्याची काळजी त्याच्या बोलण्यात होती, पण दगडाचं कौतुकही होतं. लक्ष्मी रोडवर दोन्ही बाजूंचा पदपथ दोन हात वाढवला तर पी-१ आणि पी-२ च्या पाट्यांची गरज राहणार नाही, सायलेन्सरला हात लावायचीही नाही. हे महापालिकेच्या अभियंत्यांना ठाऊक नसेल असं मानणं कठीण आहे.

संध्याकाळी आवारात गाड्या सोडवायला गर्दी होते. पहिल्या वेळी दंड पाचशे रुपये, पुन्हा सापडलं तर दीड हजार, वर उचलण्याचं शुल्क. "यांना टार्गेट असतं," असं रांगेत कुणीतरी म्हणतंच. सदाशिव पेठेतले एक आजोबा मुद्देसूद भांडत होते. पाटी फ्लेक्सच्या मागे होती, भोंगा ऐकू आला नाही आणि मुख्य म्हणजे गाडी पाचच मिनिटं लावली होती. हवालदारांनी यंत्रावरचा फोटो दाखवला. आजोबांनी चष्मा वर करून तो बारकाईने पाहिला, पाटी फोटोत स्वच्छ दिसत होती. त्यांनी पैसे भरले, पावती चार घड्या घालून पाकिटात ठेवली आणि विचारलं, "मग लावायची कुठे माणसाने?"

"नारायण पेठेत हमालवाडा वाहनतळ आहे की आजोबा, मंडईला मिनर्वा आहे, आर्यन आहे. जागा असते तिथे."

"तिथे?" आजोबा म्हणाले. "तिथे पैसे घेतात!"