पंचवीस अक्षरांत मावणारा विषय

दूरच्या संगणकावरच्या 'बुलेटिन बोर्डा'चे, म्हणजे संदेशफलकाचे संदेश फोनच्या तारेवरून वाचायचे, तेव्हा सगळ्यात महाग गोष्ट वेळ होती. संगणक फोनला जोडणारी सुरुवातीची मॉडेम 300 बॉडची, म्हणजे सेकंदाला जेमतेम 30 अक्षरं. 80 अक्षरांच्या 24 ओळींचा एक पडदा भरायला मिनिटाहून जास्त लागायचं. बोर्डावर हजार-हजार अक्षरांचे 100 संदेश असले, तर सगळे वाचेपर्यंत तासाला पाच मिनिटं कमी एवढा वेळ लाइन अडकून पडायची. बहुतेक बोर्डांना फोनची लाइन एकच, त्यामुळे तुम्ही वाचत बसलात की बाकीच्यांना 'एंगेज'चा सूर. हवा तो संदेश चटकन कसा काढायचा, हा प्रश्न डायल-अप बुलेटिन बोर्डाच्या जन्मापासूनच त्याच्या मुळाशी होता.

पहिला बोर्ड शिकागोचा. जानेवारी 1978 मध्ये तिथे प्रचंड बर्फ पडलं आणि माणसं घरात अडकली. त्या दिवसांत वॉर्ड क्रिस्टेन्सन यांनी प्रोग्राम लिहायला घेतला आणि रँडी सूस यांनी यंत्र जुळवलं. 16 फेब्रुवारी 1978 रोजी 'सीबीबीएस' सुरू झाला. फोनची घंटी वाजली की यंत्र चालू व्हायचं, फ्लॉपीवरून प्रोग्राम उचलायचं आणि फोन करणाऱ्यापुढे हुकमांची यादी ठेवायचं. एका अक्षराचा एक हुकूम. 'एस' दाबलं की संदेशांचा गोषवारा, 'क्यू' दाबलं की त्याहून त्रोटक यादी, 'आर' दाबून क्रमांक दिला की तेवढाच संदेश समोर आणि 'के' दाबलं की संदेश रद्द.

आधी यादी, मग क्रमांक, मग मजकूर. या क्रमामुळे किती वेळ वाचत होता ते बघा. गोषवाऱ्यातली ओळ 60 अक्षरांची धरली, तर 100 ओळींना साडेतीन मिनिटंसुद्धा लागत नाहीत. त्यातले कामाचे तीन संदेश उघडले की आणखी पावणेदोन मिनिटं. 55 मिनिटांचं काम पाच-सव्वापाच मिनिटांत उरकलं. संगणकाने शोध घेण्यात काही जादू केलेली नव्हती. प्रत्येक संदेशाच्या माथ्यावर कुणाकडून, कुणाला, कधी आणि कशाबद्दल, एवढं लिहायला त्याने लिहिणाऱ्याला भाग पाडलं होतं.

तलाठ्याच्या दप्तराशी ज्यांचा संबंध आला आहे, त्यांना हे लगेच उमगेल. सातबाऱ्यावर फेरफार क्रमांक असतो. तो हाती असला की नोंदवहीत नेमकं पान निघतं. नसला की वहीच्या वही चाळावी लागते. बोर्डावरचा संदेश क्रमांक हेच काम करायचा. मधला संदेश रद्द झाला तरी बाकीच्यांचे क्रमांक बदलत नसत. तुम्ही शेवटचा कुठला वाचला तेही पुढच्या बोर्डांनी लक्षात ठेवलं. परत फोन केला की फक्त त्यानंतरचे मागता येऊ लागले, किंवा फक्त आपल्या नावाने आलेले. मजकुरातला एखादा शब्द देऊन शोधायची सोयही आली. पण तो शोध फायलीच्या पहिल्या अक्षरापासून शेवटपर्यंत वाचत जायचा आणि तेवढा वेळ फोनचं बिल चालू राहायचं.

यावर 1987 मध्ये मार्क हेरिंग यांनी मोठा तोडगा काढला, तो म्हणजे 'क्यूडब्ल्यूके' ही रचना. नवे संदेश बोर्डाने एका गठ्ठ्यात बांधायचे, तुम्ही तो उतरवून घेऊन फोन ठेवून द्यायचा आणि घरी निवांत वाचायचे, शोधायचे, उत्तरं लिहायची. दुसऱ्या फोनला उत्तरांचा गठ्ठा परत चढवायचा. हा गठ्ठा आतून बघण्यासारखा आहे. सगळी फाइल 128 बाइटच्या कप्प्यांत विभागलेली. प्रत्येक संदेशाचा पहिला कप्पा माथ्याचा: क्रमांकाला 7 जागा, तारखेला 8, वेळेला 5, ज्याला लिहिलं त्याच्या नावाला 25, लिहिणाऱ्याच्या नावाला 25 आणि विषयाला 25. त्यापुढच्या कप्प्यांत मजकूर. सोबतच्या छोट्या सूची-फायलींत कुठला संदेश कितव्या कप्प्यापासून सुरू होतो, याची नोंद. त्यामुळे वाचकाचा प्रोग्राम मधलं काही न चाळता थेट त्या जागी उडी मारायचा.

विषयाला पंचवीस अक्षरं. 'माहिती हवी' लिहिलं की तो संदेश यादीत कुणाच्याच नजरेत भरणार नाही. म्हणून जुने लिहिणारे विषयातच यंत्राचं नाव, अडचण आणि गाव बसवायला शिकले.

मराठी मुलखात ही दुनिया आली ती मुंबईतून. एनसीएसटी ही संशोधन संस्था आणि आयआयटी मुंबई यांच्यात 1980 च्या दशकाच्या उत्तरार्धात डायल-अपवरून ई-मेल सुरू झाली. पुढे 'लाईव्ह वायर'सारखे खासगी बोर्ड आले आणि फिडोनेट या जगभरच्या जाळ्यातले संदेश मुंबईच्या फोनवर वाचता येऊ लागले. टॉम जेनिंग्ज यांनी 1984 मध्ये सुरू केलेल्या या जाळ्यात एक बोर्ड रात्री दुसऱ्याला फोन करून टपाल पोचवत असे. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर आपल्या दूरसंचार विभागाने अशा बोर्डांवर जबर परवाना शुल्क लादायचा घाट घातला आणि हौसेने बोर्ड चालवणाऱ्यांना त्याविरुद्ध उभं राहावं लागलं. 15 ऑगस्ट 1995 रोजी व्हीएसएनएलने इंटरनेट खुलं केलं आणि बोर्डांचे दिवस भरले.

पण मुंबईपासून दूरचं, बीड जिल्ह्यातल्या गेवराई तालुक्यातलं चकलांबा गाव या नकाशावर कुठे बसतं? मुंबईत जो लोकल कॉल, तो इथून एसटीडी, म्हणजे परगावचा महागडा कॉल. दर अंतराप्रमाणे चढायचा आणि रात्री उशिरा पाव व्हायचा. त्यात लाइनीवर खरखर. एक अक्षर बिघडलं तरी फाइल वाया जाते. क्रिस्टेन्सन यांनी 1977 मध्ये लिहिलेला 'एक्समोडेम' म्हणूनच 128 बाइटचा तुकडा पाठवायचा, बेरीज जुळते का बघायचा आणि न जुळल्यास तोच तुकडा पुन्हा मागायचा. लांबच्या, महागड्या, खराब लाइनीवर संदेश मिळवायची ही खरी शहाणी पद्धत होती. ती पुरेशा गावांपर्यंत पोचली नाही, याची मला मनापासून खंत आहे.

आणखी एक अडचण खास आपली. त्या बोर्डांवर देवनागरी नव्हती, मराठी रोमन लिपीत लिहायची. आता चकलांबा शोधा. कुणी 'क'नंतर 'ए' घालणार, कुणी गाळणार. 'ला'साठी कुणी एक 'ए' लिहिणार, कुणी दोन. यंत्र अक्षराला अक्षर ताडून बघतं. एक अक्षर हललं की ते सांगणार, असा संदेशच नाही. संदेश तिथेच असतो, तरी सापडत नाही. पुढे युनिकोडने देवनागरी दिली, तरी 'चकलांबा' अनुस्वाराने लिहिलं आणि 'चकलाम्बा' जोडाक्षराने लिहिलं, तर साध्या शोधाला ती आजही दोन वेगळी गावं वाटतात.

आज जागा अमाप आहे आणि वेग हजारो पटींनी वाढला आहे. पीकविम्याची मुदत, ऊसतोडीच्या टोळीचा हिशेब, दवाखान्याची तारीख, सगळं मोबाइलवर येतं आणि शुभेच्छांच्या चित्रांखाली गडप होतं. शोधायची खिडकी समोर असते, पण 'हे बघा' एवढंच लिहून पुढे ढकललेला फोटो कुठल्या शब्दाने शोधणार? संदेश सापडणार की हरवणार, ते तो लिहितानाच ठरतं. 300 बॉडच्या काळात हे सगळ्यांना ठाऊक होतं, कारण चुकीची किंमत बिलात दिसायची. म्हणून गावाच्या, बचत गटाच्या किंवा शाळेच्या ग्रुपवर कामाचा संदेश टाकणाऱ्या प्रत्येकाला विनंती आहे: पहिल्या ओळीत गावाचं नाव ठरलेल्या एकाच पद्धतीने लिहा, तारीख लिहा आणि विषय पंचवीस अक्षरांत सांगा. फोटो त्यानंतर जोडा.