पहाटे साडेपाचपर्यंत चुकणारी तारीख
(सॉफ्टवेअर घडताना : लेखांक ७)

समजा, कळमना बाजारातल्या एका अडत्यासाठी हिशेबपट्टी काढणारं सॉफ्टवेअर तयार केलं आहे. मार्चअखेर, मृग बहाराच्या संत्र्यांची एक गाडी रात्री उशिरा पोचते. माल उतरतो आणि १ एप्रिलला रात्री दोन वाजता मुनीम शेतकऱ्याची पट्टी काढतो. हमाली, तोलाई, भाव, सगळं बरोबर. तारीख मात्र ३१ मार्च. साहजिकच पट्टीचा क्रमांकही सरलेल्या आर्थिक वर्षात पडतो.

सर्व्हर बहुतेक वेळा यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर चालतात. आपली वेळ तिच्या ५ तास ३० मिनिटं पुढे. त्यामुळे आपल्याकडे मध्यरात्र उलटल्यापासून पहाटे साडेपाचपर्यंत सर्व्हरच्या लेखी आदलाच दिवस चालू असतो. प्रोग्रामरने ‘आज’ कोणती तारीख हे थेट सर्व्हरला विचारलं, की चूक कोडमध्ये शिरली. मग परसोडीच्या आयटी पार्कमध्ये किंवा मिहानमध्ये भर दुपारी बसून कितीही पट्ट्या काढून पाहा, ती सापडणार नाही.

ती पकडायला टेस्ट लागते. टेस्ट म्हणजे कोड तपासणारा कोड. इथे तो चार-पाच ओळींचा होईल: वेळ ३१ मार्च २०२५, यूटीसीप्रमाणे रात्रीचे साडेआठ अशी धरायची, पट्टी काढायची, आणि १ एप्रिल ही तारीख व २०२५-२६ हे वर्ष आलं का ते पाहायचं. पण त्यासाठी मूळ कोडची मांडणी बदलावी लागते. तारीख ठरवणाऱ्या फंक्शनने स्वतः घड्याळ पाहायचं नाही. वेळ त्याला बाहेरून द्यायची. मांडणी सुधारायला लावण्याचा टेस्टचा हा फायदा मला चुका पकडण्याइतकाच मोलाचा वाटतो. ‘याची टेस्ट लिहिताच येत नाही’ असं कुणी म्हणालं, तर बहुधा कोडचे भागच एकमेकांत गुंतलेले असतात.

केंट बेक आणि एरिक गामा यांनी १९९७ मध्ये झुरिकहून अटलांटाला जाताना विमानात जेयुनिट लिहायला घेतलं, आणि जावाच्या प्रोग्रामरांना अशा टेस्ट लिहिण्याची सोपी चौकट मिळाली. तरी त्या रोज चालवायच्या कुणी? माणूस घाईत असला की हमखास टाळतो, आणि रिलीज जवळ आलं की सगळेच घाईत असतात. सन मायक्रोसिस्टिम्समध्ये काम करणाऱ्या कोहसुके कावागुची यांच्या कोडमुळे बिल्ड तुटायचं आणि सहकारी वैतागायचे. त्यातून त्यांनी बिल्ड आणि टेस्ट आपोआप चालवणारं हडसन लिहिलं. २०११ मध्ये त्याचं नाव जेनकिन्स झालं, आणि आज नव्या प्रोग्रामरच्याही कानी ते नाव लवकरच पडतं.

काम असं चालतं. प्रोग्रामर कोड पुश करतो. एक कोरं मशीन तो कोड उतरवून घेतं, बिल्ड करतं, आधी काही सेकंदांत होणाऱ्या छोट्या टेस्ट चालवतं, मग डेटाबेस लागणाऱ्या, शेवटी ब्राउझर उघडून केलेल्या. एक जरी फसली तरी निकाल लाल, आणि बदल मर्ज होत नाही. मशीन कोरं असणं फार महत्त्वाचं. प्रोग्रामरचा लॅपटॉप भारतीय वेळेवर असतो. त्यावर टेस्ट हिरवी आणि यूटीसीवरच्या मशीनवर लाल, असं झालं की आपली तारखेची चूक तिथेच उघडी पडते. निकालही लवकर हवा. बेक यांनी दहा मिनिटांची मर्यादा सुचवली होती आणि ती आजही योग्य आहे. तासाभराने लाल दिवा दिसला, तर तोवर प्रोग्रामर दुसऱ्याच कामात बुडालेला असतो.

सर्वांत वाईट टेस्ट म्हणजे कधी लाल, कधी हिरवी होणारी. घड्याळ स्वतःच पाहणारी टेस्ट दिवसा पास होते, रात्रपाळीत फसते. लोक ‘पुन्हा चालवा’ म्हणतात, सकाळी ती हिरवी होते, आणि हळूहळू लाल रंगाकडे कुणी पाहीनासं होतं. अशी टेस्ट त्याच दिवशी दुरुस्त करावी, नाहीतर काढून टाकावी.

आता यंत्राकडून होणारी तपासणी कुठपर्यंत न्यायची हा प्रश्न. १ ऑगस्ट २०१२ रोजी नाइट कॅपिटल या अमेरिकी शेअर दलाली कंपनीच्या ८ सर्व्हरांपैकी एकावर नवा कोड पोचलाच नव्हता. सर्व्हरांवर कोड चढवण्याचं काम माणसाने हाताने केलं होतं. त्या एका सर्व्हरवरचा जुना कोड जागा झाला आणि सुमारे ४५ मिनिटांत कंपनीचं ४४ कोटी डॉलरहून अधिक नुकसान झालं. म्हणजे टेस्ट हिरव्या झाल्यावर कोड सर्व्हरवर चढवणं आणि तो सगळीकडे पोचला याची खात्री करणं, हेही यंत्राकडे द्यायला हवं. ते कसं करतात, हे पुढच्या लेखांकात.